शिडीची कितवी पायरी?

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या माळ्यावरची शिडी खाली येते. यंदा तिच्याबरोबर एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञही घरात आला. हॅडली कँट्रिल त्याचे नाव. माणूस आपल्या आयुष्यावर कितपत खूश आहे हे मोजायला त्याने १९६५ सालच्या आपल्या पुस्तकात शिडीच पुढे केली. तळाशी शून्य, म्हणजे वाईटात वाईट आयुष्य. वर दहा, म्हणजे उत्तमात उत्तम. आपली पायरी ज्याची त्याने सांगायची.

पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांची 'पिसा' नावाची आंतरराष्ट्रीय पाहणी असते. तिच्यातही मुलांना शून्य ते दहा असाच प्रश्न विचारतात. ओईसीडी देशांची सरासरी २०१५ साली ७.३ होती; २०२२ साली ती ६.७५ वर घसरली. त्या २०१५ साली गणितात पुढे असलेली दक्षिण कोरियाची मुले ६.४ वर आणि गणितात बरीच मागे असलेली मेक्सिकोची ८.३ वर! (हा आकडा मी घरात मोठ्याने वाचला नाही. आमची कन्या दहावीत आहे.) ज्यांचे आईबाप मुलांशी नुसते बोलत बसतात, ती मुले अधिक समाधानी दिसली, असेही त्यात होते. आता 'नुसते' म्हणजे कसे? आम्हीही बोलतोच की! पेपर मिळाले का? किती पडले?

परवा आकाशकंदील लावायला मी शिडीवर चढलो. कन्येने खालून शिडी धरली होती. वरूनच विचारले, "तुझी पायरी कितवी गं?"

"सात," ती चटकन म्हणाली.

सात म्हणजे आमच्या काळचा फर्स्ट क्लास! मी खुशीत खाली उतरलो.

"बाबा, खरं म्हणजे चार. तुम्ही वर होतात, म्हणून बोलले नाही."

"का? गणित?"

"बघा, लगेच गणित!"

मी तिथेच खालच्या पायरीवर बसलो. बऱ्याच वेळाने तिने सांगितले. क्लासमध्ये मार्कांप्रमाणे बॅचेस पाडल्या, तेव्हा मैत्रीण दुसऱ्या बॅचला गेली. आता रात्री साडेआठला ही एकटी येते. दिवसभरात जे हसण्याबोलण्याचे असे, ते त्या वीस मिनिटांच्या वाटेवरच होत असे. आणि तो क्लास मी निवडलेला. बॅच वर गेली तेव्हा पेढेही मीच आणले होते.

सौ. चकल्यांचे ताट घेऊन बाहेर आल्या आणि खालीच फतकल मारून बसल्या. कंदील थोडा वाकडाच लागला होता. तो तसाच राहिला.