वर्गाबाहेरचे प्राध्यापक

प्राध्यापकाने वर्गात काय शिकवावे हे विद्यापीठ ठरवते. त्याने वर्गाबाहेर काय बोलावे हे ठरविण्याचा अधिकार मात्र संस्थाचालकापासून नाक्यावरच्या पुढाऱ्यापर्यंत प्रत्येकाने परस्पर घेऊन टाकला आहे. तो स्त्री-पुरुषसंबंधांविषयी बोलला तर पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. राजकारणाविषयी बोलला तर संस्थेला आपले अनुदान आठवते. आणि मजुरी, भाव, भाकरी यांविषयी बोलला तर ‘हे तुमच्या विषयात येते काय?’ असा सवाल होतो. या सवालाला सीमाभागातील निपाणीने एके काळी जे उत्तर दिले, ते किनारपट्टीवरील आमच्या वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

निपाणी शहर कर्नाटकात, पण निपाणीकरांचे देवचंद महाविद्यालय मात्र महाराष्ट्रात, कागल तालुक्यातील अर्जुननगरला. विद्यार्थी सकाळी राज्याची हद्द ओलांडून शिकायला जातो आणि दुपारी परत आपल्या राज्यात जेवायला येतो. या गावाचे सारे अर्थकारण तंबाखूवर उभे राहिले. तंबाखूच्या वखारींत हजारो बायका दिवसभर धुराळ्यात तंबाखू चाळीत, निवडीत आणि घरी येऊन बिड्या वळीत. मजुरी तुटपुंजी. खोकला कायमचा. त्याहून वाईट गोष्ट अशी की, वखारीत कामाला जाणाऱ्या बाईच्या अब्रूवर मालकाचा, मुकादमाचा हक्कच आहे असे धरून चालण्याची तेथे रीत पडली होती. गावाला हे ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक होते, पण बोलावयाचे नव्हते.

ते बोलले देवचंद महाविद्यालयातील प्रा. सुभाष जोशी. १९८० च्या सुमारास त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या बायकांची संघटना बांधली. मजुरीचा प्रश्न आणि अब्रूचा प्रश्न हे दोन नाहीत, हे त्यांनी उघड्या सभेत मांडले. कारण जिची चूल मुकादमाच्या मर्जीवर पेटते, तिच्या ‘नाही’ला किंमत राहत नाही. यात कोणती अश्लीलता होती? पुढे १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी पुणे-बंगलोर रस्ता रोखून धरला, ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसे मेली, आणि निपाणीचे नाव देशभर झाले. त्या लढ्याशीही हे प्राध्यापक निगडित होते. नंतर निपाणीच्याच मतदारांनी त्यांना कर्नाटक विधानसभेवर पाठविले.

या भागातील दुसरे मौन अधिक जुने आहे. बेळगाव जिल्ह्यातच सौंदत्तीचा डोंगर आहे. मार्गशीर्षातील पौर्णिमेला तेथे महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून भक्तांचे लोंढे येतात. यल्लम्मावरील त्यांच्या श्रद्धेविषयी आम्हांस काहीही वावगे म्हणावयाचे नाही. पण गरिबाघरच्या, बहुतेक दलितांच्या, पोरीच्या केसांत जट दिसली की ती देवीला सोडावी, आणि देवीच्या नावाने सोडलेली ती पोर वयात येताच कोणा धनिकाच्या, नाही तर शहरातल्या कुंटणखान्याच्या हवाली व्हावी, यात देवी कोठे येते? मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा १९३४ सालीच झाला, आणि तेव्हा बेळगाव त्याच इलाख्यात होते. तरी १९८२ मध्ये कर्नाटकाला नवा कायदा करावा लागला, आणि महाराष्ट्राने तर २००५ साल उजाडू दिले. मधल्या काळात कायद्याचे पुस्तक कपाटात होते आणि पोरी डोंगरावर जात होत्या. ही गोष्ट चारचौघांत आणली ती १९७५ च्या गडहिंग्लजच्या देवदासी परिषदेने, डॉ. बाबा आढाव यांच्या सहकाऱ्यांनी आणि या परिसरातील काही थोड्या प्राध्यापक-शिक्षकांनी.

आमच्या वाचकांनी याकडे घाटावरचे दुखणे म्हणून पाहू नये. गोमंतकातील देवळांच्या आश्रयाने भाविणी आणि कलावंतिणी यांचे काय जिणे होते, शेंस विधी म्हणजे काय, हे जुन्या माणसांना सांगावयास नको. राजाराम पैंगीणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याविरुद्ध तोंड उघडले, तेव्हा त्यांनाही ‘घरची लक्तरे वेशीवर का टांगता?’ असेच ऐकून घ्यावे लागले असेल. त्या बोलण्यातून एक समाज उभा राहिला, आणि १९६३ मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झालेले भाऊसाहेब बांदोडकर त्याच गोमंतक मराठा समाजातले. वास्कोची बायणा वस्ती २००४ मध्ये पाडली गेली. तेथे दिवस कंठणाऱ्या स्त्रियांपैकी कितीतरी कर्नाटकाच्या उत्तर भागातून आलेल्या होत्या. सौंदत्तीचा डोंगर समुद्रापासून तितकासा दूर नाही.

‘विषयात येते काय?’ हा सवाल रघुनाथ धोंडो कर्वे यांनाही झाला होता. मुरूडचा हा कोकणी माणूस मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवी आणि संततिनियमनाचा प्रचार करी. १९२५ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले, खटले सोसले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. कर्वे यांची सारी मते आम्हांस पटतात असे नाही. त्यांच्या लेखणीत कित्येकदा विवेकापेक्षा हट्ट अधिक दिसतो. तथापि ते ज्यासाठी बदनाम झाले, तेच संततिनियमन स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५२ साली राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून स्वीकारले.

सीमाभागात मौनाला आणखी एक पडदा मिळतो. महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी महाराष्ट्राला द्यावी असे सुचविले, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. सीमाभागातील मराठी माणसाच्या न्याय्य मागणीशी आम्ही सहमत आहोत. परंतु दोन्ही बाजूंच्या सभांतून फलकांच्या भाषेवर जेवढे बोलले जाते, त्याच्या दशांशानेही वखारीतल्या बाईवर बोलले जात नाही. तिची मातृभाषा मराठी असो की कानडी, मुकादम तिला कोणत्या भाषेत हाक मारतो याने तिचे काय बदलते?

आज अशा प्राध्यापकांची जात दुर्मीळ होत चालली आहे. बेळगावपासून दोन तासांवरच्या धारवाडात ३० ऑगस्ट २०१५ रोजी डॉ. एम. एम. कलबुर्गी यांना त्यांच्या दारात गोळ्या घातल्या गेल्या, हे एक कारण खरेच. पण दुसरे कारण अधिक निमूटपणे काम करते. महाविद्यालयांतून आज कितीतरी तरुण प्राध्यापक तासिका तत्त्वावर शिकवितात. तासाप्रमाणे पैसे, सुटीत काही नाही, आणि पुढल्या जूनमध्ये बोलावणे येईल की नाही हे संस्थेच्या मर्जीवर. वखारीतल्या बाईची जी गत, तीच थोड्या बऱ्या कपड्यांत यांची. असा माणूस सौंदत्तीविषयी बोलेल, की वसतिगृहातल्या मुलींच्या तक्रारीविषयी?

उठवळपणे काहीही बरळून टाळ्या मिळविणारे प्राध्यापकही असतात, त्यांची वकिली आम्ही करीत नाही. निपाणीची माणसे बोलली ती त्या बायकांच्या पाठीशी उभी राहून, हा भेद आम्ही जाणतो. पण बोलणे उठवळ होते की जबाबदारीचे, हा निवाडा संस्थाचालकाच्या खोलीत बंद दाराआड होऊ नये. शिवाजी, कर्नाटक आणि गोवा या तिन्ही विद्यापीठांनी आपापल्या सेवानियमांत एवढे लिहून टाकावे: वर्गाबाहेर केलेल्या सार्वजनिक भाषणासाठी कोणाही अध्यापकाची, मग तो तासिकेवरचा का असेना, नेमणूक थांबविली जाणार नाही, आणि तक्रार आलीच तर तिची चौकशी लेखी होईल, त्याचे म्हणणे ऐकून होईल. यासाठी नवा कायदाही नको आणि पैसाही नको. येत्या शैक्षणिक वर्षाच्या नेमणुका निघण्यापूर्वी हे होऊ शकते.