भाषण छान झाले, पण कळले काय?

पावसाळा सुरू झाला की आम्हा डॉक्टर मंडळींना व्याख्यानांची आमंत्रणे येऊ लागतात. जुलाब, कावीळ, हिवताप यांवर 'चार शब्द' सांगा, असा आग्रह असतो. मीही बरीच वर्षे अशी व्याख्याने देत आलो आहे. त्यांतली बरीचशी वाया गेली, हे मी विनयाने म्हणत नाही. तसा अनुभव आहे.

काही वर्षांपूर्वी एका गावच्या समाजमंदिरात 'अतिसार व जलशुष्कता' या विषयावर माझे व्याख्यान झाले. आधी दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय. मी उभा राहिलो तेव्हा तास उलटून गेला होता आणि धारांची वेळ झाली म्हणून मागच्या बायका उठू लागल्या होत्या. तरी मी पाऊण तास बोललो. सोडियम झाले, पोटॅशियम झाले, जंतूंचे प्रकार झाले. टाळ्या पडल्या. 'अत्यंत अभ्यासपूर्ण' असा शेरा अध्यक्षांनी मारला. मी खूश होऊन घरी आलो.

पंधरा दिवसांत त्याच गावातील एक बाई दीड वर्षाच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. जुलाब दोन दिवसांचे. मुलगी आधी पाण्यासाठी सारखी तडफडत होती, आता ग्लानीत होती. ''डॉक्टर, तुम्ही सांगितलं तसंच जलसंजीवनी पाजली की हो,'' आई म्हणाली. विचारले तेव्हा कळले, एक लिटरचे पाकीट तिने पेलाभर पाण्यात कालवले होते. म्हणजे पाचपट दाट! असे द्रावण पोटात गेले की रक्तातील मिठाचे प्रमाण वाढते, झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकते. मुलीला तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवले. चार दिवसांनी ती सुखरूप घरी आली, हे नशीब.

त्या आईने माझे ऐकले नव्हते असे नाही. ऐकले म्हणूनच पाकीट आणले होते. 'एक लिटर' हा शब्द मी उच्चारलाही होता. पण तिच्या घरात लिटरचे माप नव्हते. पेला होता, तांब्या होता, पातेले होते. त्यांचे नावही माझ्या पाऊण तासात आले नाही. चूक माझी होती.

आपल्याकडे 'लोकांना सांगून उपयोग नाही, ते ऐकतच नाहीत' असे म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. शेजारच्या बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत एक कोटी वीस लाखांवर घरांत जाऊन आयांना मीठ-गुळाचे पाणी करायला शिकवले. यातल्या कित्येक आयांना अक्षरओळख नव्हती. माप होते बोटांची चिमूट आणि हाताची मूठ. सांगायचे मुद्दे मोजके ठेवलेले. आणि खरी मेख पुढेच आहे: नंतर दुसरी माणसे त्यांतल्या काही घरी जाऊन आईला विचारत, पाणी करून दाखवायला सांगत. तिला जेवढे आठवे, त्यावर शिकवणारीचा मोबदला ठरे. आपल्याकडे हा नियम लावला तर आम्हा वक्त्यांपैकी किती जणांना मानधन मिळेल, याचा विचार करावा!

त्या प्रसंगानंतर मी माझी पद्धत बदलली. आता एका वेळी एकच गोष्ट सांगतो, तीही वीस मिनिटांत. व्यासपीठावर न बसता सतरंजीवर, बायकांच्या समोर बसतो. पडद्यावरची चित्रे नेत नाही. पाकीट, पातेले आणि बाजारात मिळते ती एक लिटरची पाण्याची बाटली नेतो. श्रोत्यांतल्याच एखाद्या आजीबाईंना पुढे बोलावून द्रावण करायला लावतो. त्या चुकल्या की सगळ्याजणी हसतात, दुरुस्त करतात आणि ते कायमचे लक्षात राहते. शेवटी मी नव्हे, त्या बोलतात: पाकिटावर लिहिलेले पाणी आधी मोजायचे, मोठे पाकीट एक लिटरला, लहान पाकीट २०० मिलिलिटरला, पाकीट पूर्ण टाकायचे, अर्धे ठेवायचे नाही, केलेले पाणी २४ तासांनी ओतून द्यायचे, अंगावरचे दूध बंद करायचे नाही, आणि मूल मलूल झाले, पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त पडले तर थेट दवाखाना गाठायचा.

आम्हाला कॉलेजात लोकांशी बोलायला कोणी शिकवले नाही. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवादकौशल्याचा समावेश झाला आहे, ही चांगली गोष्ट आहे. परंतु नुसत्या डॉक्टरांनी शिकून भागणार नाही. मंडळे, ग्रामपंचायती, शाळा यांना माझी कळकळीची विनंती आहे: आरोग्याच्या कार्यक्रमात हारतुरे पाच मिनिटांत आटपा. वेळ बायकांना विचारून ठरवा, पाहुण्यांना विचारून नको. आणि अहवालात 'उपस्थिती दोनशे' एवढेच लिहून थांबू नका. आठ दिवसांनी आशाताईंना दहा घरी जाऊन विचारायला सांगा, ''काय आठवतं? करून दाखवा बरं.'' दहांपैकी आठ घरी बरोबर जमले, तर व्याख्यान झाले म्हणावे. नाहीतर नुसता समारंभ झाला.

परवा ती मुलगी आईबरोबर दवाखान्यात आली होती. आता शाळेत जाते. आईने आल्याआल्या सांगितले, ''डॉक्टर, आता बाटलीनं मोजूनच करते.'' मला मिळालेल्या साऱ्या शालींपेक्षा ते वाक्य मोलाचे वाटले.