शवविच्छेदन अहवालातली गोळी

दरवर्षी १० ऑक्टोबरला डहाणू-तलासरी पट्ट्यात जेठ्या गांगड आणि १९४५ साली त्यांच्यासोबत पोलीस गोळीबारात मारल्या गेलेल्या चौघा वारलींना अभिवादन केले जाते. वेठबिगारीविरुद्धच्या त्या लढ्याची हकिकत गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहून ठेवली. अशा पुस्तकातून माणसे कळतात, लढा कळतो. गोळी कोणत्या जातीची होती, किती अंतरावरून आली, पाठीत शिरली की छातीत, हे मात्र शव तपासणाऱ्या डॉक्टरनेच सांगायचे असते. त्याने ते त्या दिवशी टिपून ठेवले नाही, तर पुढे कोणताही आयोग वा न्यायालय ते भरून काढू शकत नाही.

आपल्या मासिकाचे बरेच वाचक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत एकट्याने शवविच्छेदन करतात. डहाणू, कासा, तलासरी इथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या वाट्याला सर्पदंश, बुडून मृत्यू आणि महामार्गावरचे अपघातच जास्त येतात. बंदुकीची जखम क्वचित येते. म्हणूनच ती आली की ‘गोळी लागून मृत्यू’ एवढ्यावर अहवाल संपतो. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई गाडीत सरकारी रायफलीच्या गोळ्यांनी चार माणसे मेली. ती गाडी डहाणू रोड ओलांडूनच पुढे आली होती. असे शव कोणत्या रुग्णालयात येईल, हे आधी ठरलेले नसते.

जखमेच्या आकारावरून गोळीची जात ओळखण्याची घाई करू नये. .३०३ ची मार्क सात गोळी हे याचे उत्तम उदाहरण. ती १९१० पासून वापरात आली आणि २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या वेळीही आपल्या पोलिसांच्या हातात .३०३ रायफल होती. वजन १७४ ग्रेन, म्हणजे ११ ग्रॅमच्या थोडे वर. वरून पूर्ण धातूचे कवच, पण टोकाच्या आतल्या भागात शिसे नाही. तिथे ॲल्युमिनियम किंवा लाकडाचा लगदा भरलेला. त्यामुळे भार मागे राहतो आणि शरीरात शिरल्यावर गोळी कलंडते. आत शिरतानाचे भोक बोटाच्या पेरापेक्षा लहान, आणि आतली फाटाफूट भयंकर. कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्यातल्या, टोक उघडे असलेल्या आणि शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांवर १८९९ च्या हेग परिषदेत बंदी आली. मार्क सात गोळी त्यांच्या मानाने ‘सभ्य’ समजली गेली. शरीराला तसे काही जाणवत नाही.

शिकारीच्या .३१५ रायफलीच्या गोळीचे शिशाचे टोक उघडे असते. ते आत दबून फुलते, तुटते आणि एक्स-रेवर चुऱ्यासारखे विखुरलेले दिसते. रिव्हॉल्व्हरची नुसत्या शिशाची गोळी मंद असते. ती हाडावर आपटून चपटी होते आणि पुष्कळदा शरीरातच राहते. १२ बोअरच्या काडतुसातून छर्रे निघतात. नळी अंगाजवळ असेल तर भोक एकच, अंतर वाढेल तसे छर्रे फाकतात. त्यांच्यामागची डाट जखमेत सापडली तर जरूर जपावी. बोअर आणि जवळीक या दोन्हींची ती साक्ष आहे. ठासणीच्या बंदुकीत बार भरणारा हाताला लागेल ते भरतो, त्यामुळे खिळ्यांचे तुकडेही निघू शकतात. गावठी कट्ट्याची नळी आतून गुळगुळीत, मापाला सैल. गोळी आडवी होऊनही अंगावर आदळते. मग प्रवेशाची जखमही लांबट आणि वेडीवाकडी दिसते. तिला बाहेर पडण्याची जखम ठरवले की सगळा अहवाल उलटा होतो. निरपराध माणसाला अडकवायला एवढी चूक पुरते.

आता हातातल्या कामाबद्दल. चिरफाडीआधी एक्स-रे. सोय नसेल तर पोलिसांना लेखी कळवून शव सोय असलेल्या रुग्णालयात पाठवा. यात कमीपणा नाही. गोळी दिसली की दातेरी चिमटा बाजूला ठेवा. बोटांनी काढा, नाहीतर चिमट्याच्या टोकांवर रबर चढवा. कवचावर नळीच्या आट्यांचे बारीक ओरखडे असतात. .३०३ च्या ली-एनफिल्ड रायफलीच्या नळीत पाच आटे, तेही डावीकडे वळणारे. कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेतला तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली हेच ओरखडे जुळवतो. तुमच्या चिमट्याचा एक ओरखडा त्यांच्यावर पडला की पुरावा दुबळा होतो. गोळी घासून धुऊ नका, तिच्यावर खूण कोरू नका. कोरडी झाली की कापसात गुंडाळून डबीत ठेवा आणि लाखेने मोहोर करा. दोन गोळ्या एका डबीत कधीच नकोत. कपडे सावलीत वाळवून कागदात बांधा. प्लास्टिकमध्ये ते कुजतात आणि भोकाभोवतीची दारूची काजळी जाते.

घटनास्थळी सापडलेल्या पुंगळ्या पोलिसांच्या पंचनाम्यात येतात, पण त्यांचे वर्णन तुम्हीही वाचलेले बरे. बुडावर ‘केएफ’ अशी इंग्रजी अक्षरे असतील तर काडतूस १८६९ साली सुरू झालेल्या खडकीच्या कारखान्यातले. तुमच्या डबीतली गोळी आणि त्यांची पुंगळी यांचे माप जुळत नसेल, तर ते तपास अधिकाऱ्याला त्याच दिवशी लेखी कळवा.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ नुसार सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणे अपेक्षित आहे. ते पथक तलासरीला पोचेपर्यंत शव तुमच्या टेबलावर असते. म्हणून या अंकासोबत शरीराच्या पुढच्या व मागच्या बाजूची कोरी रेखाकृती दिली आहे. तिच्या प्रती काढून शवविच्छेदनगृहात टांगून ठेवा. प्रत्येक जखमेला क्रमांक द्या आणि टाचेपासूनची उंची, मध्यरेषेपासूनचे अंतर, कडेची काजळी व गोळीच्या वाटेची दिशा त्याच वेळी, हातमोजे काढण्याआधी, मदतनिसाकडून लिहून घ्या.