निळी कुत्री आणि आपला नाइलाज

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजाचे नाव एकाएकी जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. तिथल्या औद्योगिक वसाहतीत भटकी कुत्री चक्क निळी झाली होती. एका कारखान्यातल्या रंगद्रव्याचा हा प्रताप. प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखाना बंद करायला लावला. लोक छायाचित्रे पाहून हळहळले आणि विसरले. शेजारची कासाडी नदी मात्र आधीपासूनच सोसत होती; मासेमारी करणाऱ्यांना ते ठाऊक होते. पण नदी काही कुत्र्यांसारखी रस्त्यावर येऊन आपला रंग दाखवत नाही.

दोष कोणाचा, असे विचारले की अशा वेळी उत्तरे तयार असतात. कामगार म्हणतो, साहेबांनी सांगितले. साहेब मालकाकडे बोट दाखवतो. मालक म्हणतो, सगळेच करतात. आणि आपण? आपल्या हातात काय आहे!

नेमक्या याच वाक्याला ज्याँ-पॉल सार्त्रचा आक्षेप होता. चार वर्षे जर्मनांच्या टाचेखाली काढलेल्या पॅरिसमध्ये १९४५ साली त्याने अस्तित्ववादावर व्याख्यान दिले. माणूस आधी जन्मतो, मग आपल्या कृतींतून स्वतःला घडवतो, म्हणून केल्या-न केल्याची जबाबदारी त्याचीच, हे त्याचे सांगणे. ‘माझा नाइलाज होता’ ही त्याच्या लेखी स्वतःचीच फसवणूक.

मराठीत हा विचार मुख्यतः साहित्यातून आला. १९६३ मध्ये भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ आली आणि पांडुरंग सांगवीकरचे तुटलेपण एका पिढीला आपले वाटले. पण मला वाटते, अस्तित्ववादातले एकटेपण आपण घरी आणले आणि जबाबदारी वाचनालयातच ठेवून आलो.

कोणी म्हणेल, हातावर पोट असलेल्या कामगाराला कसले आले निवडीचे स्वातंत्र्य? प्रश्न रास्त आहे. सिमोन द बोव्हारने १९४७ साली त्याची दखल घेतली होती. दुसऱ्याला मोकळे केल्याशिवाय माझे स्वातंत्र्यही खरे नाही, असे तिने मांडले. मला त्याचा अर्थ असा दिसतो, की ज्याच्यापाशी पर्याय अधिक, त्याच्यावर भार अधिक. नोकरी जाईल म्हणून गप्प बसणारा कामगार आणि गैरसोय होईल म्हणून गप्प बसणारे तुम्ही-आम्ही, यांची मौने एका मापाने मोजता येणार नाहीत.

निवडणुकीत उमेदवार दारात येतो तेव्हा आपण रस्ता, पाणी, पार्किंग विचारतो. नदीचे काय, हे विचारायला कोणाचीच मनाई नसते. ते न विचारणे हीसुद्धा आपणच केलेली निवड असते.