आधी क्रमांक, मग चकाकी

खंडेनवमीला घरातील शस्त्रे पाटावर मांडून, हळदकुंकू वाहून पुजण्याची प्रथा सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील अनेक घरांत आजही निष्ठेने पाळली जाते आणि ती पाळली जावी, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु या सप्ताहात समाजमाध्यमांवर फिरलेल्या छायाचित्रांत पणजोबांच्या काळातील रिव्हॉल्व्हर पितळेच्या पॉलिशने घासून लखलखीत केलेले दिसावे, ही खेदाची गोष्ट आहे. समया आणि देवघरातील मूर्तींविषयी या स्तंभाने वारंवार धरलेला आग्रह येथे अधिक कठोरपणे धरावा लागेल : ओळख पटल्याशिवाय जुन्या धातूला हात लावू नये.

या आग्रहामागचे कारण समजण्यासाठी भगतसिंगांच्या पिस्तुलाची हकिकत पुरेशी आहे. 17 डिसेंबर 1928 रोजी लाहोरमध्ये ब्रिटिश पोलीस अधिकारी साँडर्सवर पहिली गोळी पुणे जिल्ह्यातील खेडच्या राजगुरूंनी झाडली आणि त्यानंतर भगतसिंगांनी ज्या .32 बोअरच्या कोल्ट पिस्तुलातून गोळ्या झाडल्या, ते पिस्तूल सीमा सुरक्षा दलाच्या इंदूर येथील शस्त्रसंग्रहालयात कित्येक वर्षे इतर शस्त्रांच्या रांगेत निनावी पडून होते. गंज चढू नये म्हणून त्यावर काळा रंग फासलेला होता, म्हणजे ज्या उपायाने धातू वाचवायचा त्याच उपायाने त्याची ओळख झाकली गेली होती. 2016 मध्ये एका पत्रकाराच्या पाठपुराव्यामुळे तो रंग खरवडला गेला, खालून 168896 हा क्रमांक निघाला, तो खटल्याच्या कागदपत्रांतील क्रमांकाशी जुळला आणि पुढे ते पिस्तूल हुसैनीवाला येथे हलवण्यात आले. रंगाने क्रमांक केवळ झाकला होता, म्हणून तो परत मिळाला. पॉलिश, काचकागद किंवा निकेलच्या मुलाम्याआधीची घासणी तो झिजवून टाकते आणि झिजलेला क्रमांक सहसा परत येत नाही. देशाच्या इतिहासातील एका शस्त्राची ओळख सहा आकड्यांवर टिकून राहिली असेल, तर घरातील शस्त्राचे आकडे घासून टाकण्याचा अधिकार कोणत्याही वारसाने स्वतःकडे घेऊ नये.

सातारा जिल्ह्याला हे अधिक लागू पडते. जॉन चेसन यांनी वसवलेल्या पाचगणीत युरोपीय कुटुंबे राहिली आणि 1878 च्या शस्त्र कायद्याने भारतीयांवर परवान्याची सक्ती करताना युरोपीयांना त्यातून सूट दिली होती. साहजिकच जुन्या बंगल्याबरोबर वारसाकडे आलेल्या शस्त्राचा कागद सापडेलच असे नाही. दुसरीकडे 1943 ते 1946 या काळातील ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या प्रति सरकार आणि तुफान सेनेच्या आठवणी याच मुलखातील घरांत आहेत. एखादे रिव्हॉल्व्हर साहेबाचे, संस्थानी अधिकाऱ्याचे की भूमिगत कार्यकर्त्याचे, हे घरातील आख्यायिकेवरून ठरत नाही. तपासाची सुरुवात धातूवरील खुणांपासूनच करावी लागते.

बर्मिंगहॅमच्या वेब्लीचे उदाहरण घेता येईल. ब्रिटिश सैन्याने 1887 मध्ये स्वीकारलेल्या या रिव्हॉल्व्हरची, म्हणजे गोळ्यांच्या फिरत्या चक्राच्या शस्त्राची, नळी बाजूची कळ दाबून उघडताच पुढे झुकते आणि चक्रातील सहाही पुंगळ्या एकदम वर उचलल्या जातात. सांगाड्यावर नमुन्याचा अंक असतो, नळीवर आणि चक्रावर चाचणीचे मुकुटांकित ठसे असतात आणि सरकारी मालकी दाखवणारा रुंद बाण असतो. असे दोन बाण टोकाला टोक लावून ठोकलेले असतील, तर ते शस्त्र सरकारी सेवेतून रीतसर विकले गेले होते, असे समजावे. हे ठसे इतके उथळ असतात की काही खंडेनवम्यांचे पॉलिश त्यांना पुसून टाकायला पुरेसे होते.

जतनाचे नियम थोडेच आहेत. पोलादाला कारखान्यात दिलेली निळसर काळी छटा, जिला ब्लूइंग म्हणतात, ती विटलेली असली तरी तशीच राहू द्यावी. बोटांच्या घामातील क्षार गंजाला निमंत्रण देतात, म्हणून सुती हातमोजे वापरावेत. खोबरेल किंवा गोडेतेल कालांतराने चिकट होऊन धूळ धरते, म्हणून हलक्या खनिज तेलाचा पुसट हात पुरे. पाचगणीच्या पावसाळी धुक्यात चामड्याचे म्यान ओल धरून ठेवते, त्यामुळे शस्त्र आणि म्यान वेगवेगळे ठेवावे.

मात्र या सर्वांआधी कायदा येतो. शंभर वर्षे उलटली म्हणजे परवाना लागत नाही, हा समज चुकीचा आहे, कारण 1959 च्या शस्त्र कायद्यातील कलम 45 ची सवलत दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या शस्त्रापुरतीच आहे. परवान्याविना हाती आलेले शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते आणि परवानाधारकाच्या मृत्यूनंतर कायदेशीर वारसाला 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवान्यासाठी अर्ज करता येतो; .455 सारखा सैनिकी बोअर प्रतिबंधित वर्गात मोडतो, हेही ध्यानात ठेवावे. शस्त्र रिकामे आहे याची खात्री जाणकारानेच करावी, घरच्यांनी खटका ओढून पाहू नये.

जिल्हा प्रशासनाकडेही एक मागणी आहे. मुदतीत कोणी न सोडवलेली शस्त्रे जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने सरकारजमा होतात. अशा प्रत्येक जुन्या शस्त्राचा क्रमांक आणि ठसे छायाचित्रासह नोंदवून ती यादी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयाकडे पाठवावी आणि तोवर एकही शस्त्र नष्ट करू नये. वारसांनीही आपल्या शस्त्राचा क्रमांक आजच वहीत उतरवून घ्यावा आणि पॉलिशची बाटली समयांसाठीसुद्धा बाहेर काढू नये.