लिमलेटच्या गोळ्यांचे खाते

डिसेंबर उजाडला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाच्या नाटकांच्या तालमी सुरू होतात. शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुका त्याआधीच पावसाळ्यात होऊन गेलेल्या असतात. या दोन्ही गोष्टींविषयी आपल्या व्यापारी घरांतून बहुधा एकच वाक्य ऐकू येते : ‘यात वेळ घालवू नकोस, अभ्यास कर, नाहीतर दुकानात येऊन बस.’ माझ्या मुलांना मीही हे वाक्य ऐकवले आहे. आज त्याबद्दल थोडे निराळे लिहावेसे वाटते.

१९७३ साली मी नववीत होतो. विद्यार्थी प्रतिनिधीची निवडणूक जाहीर झाली. वहीच्या कागदाचे चौकोनी तुकडे ही मतपत्रिका आणि खडूचे रिकामे खोके ही मतपेटी. माझ्याविरुद्ध शाळेतील शिपायाचा मुलगा उभा होता. आमचे किराणा मालाचे दुकान. गल्ल्याजवळच्या बरणीतून लिमलेटच्या गोळ्या खिशात भरून मी आठवडाभर मित्रांत वाटल्या आणि अकरा मतांनी निवडून आलो.

त्या रात्री वडिलांनी बरणी पाहिली. ते रागावले नाहीत. त्यांनी खतावणी काढली, माझ्या नावाचे पान घातले आणि गोळ्यांची किंमत येणे म्हणून लिहिली. मग म्हणाले, “हे पैसे तू फेडशील. पण ज्याने गोळी खाऊन मत दिले, त्याचे देणे तिथेच फिटले. उद्या तुला गरज पडली, तर तो कशासाठी येईल?”

या प्रश्नाचे उत्तर संमेलनात मिळाले. नाटकाची व्यवस्था प्रतिनिधी म्हणून माझ्याकडे होती. रंगमंचासाठी वर्गांतील बाके मैदानात आणायची होती. गोळ्या खाल्लेल्यांपैकी कोणीही फिरकले नाही. आला तो हरलेला उमेदवार, आपल्याबरोबर सात-आठ मुले घेऊन. नाटकात मी राजा होतो, तो विंगेत प्रॉम्प्टर. दुसऱ्या अंकात मी वाक्य विसरलो. विंगेतून ते वाक्य इतक्या हळू आवाजात आले की प्रेक्षकांना पत्ताच लागला नाही. टाळ्या मला मिळाल्या. त्याने त्याचा कधी उल्लेखही केला नाही.

पुढे बँकेत तीस-पस्तीस वर्षे कर्जप्रकरणे पाहिली. ताळेबंद आणि तारण तपासून झाल्यावरही आम्ही बाजारात एक चौकशी करीत असू : ‘माणूस शब्दाला कसा आहे?’ पत ती हीच. ती विकत घेता येत नाही, हे मी एम.कॉम.च्या पुस्तकांत नव्हे, तर त्या शाळेच्या मैदानात शिकलो.

आमच्या पिढीला मताचा अधिकार एकविसाव्या वर्षी मिळाला. १९८९ पासून, एकसष्टाव्या घटनादुरुस्तीमुळे, तो अठराव्या वर्षी मिळतो. म्हणजे दहावीतील मुलगा दोन-तीन वर्षांत खरा मतदार होतो. आता अनेक शाळांत मोबाइलवर मतदान यंत्र तयार करून, बोटाला शाई लावून निवडणूक घेतात. मतदान अधिकारीही मुलेच असतात. नाटकाचेही तसेच. आचार्य अत्र्यांनी पुण्यात मुख्याध्यापक असताना शाळेतील मुलांसाठी नाटके लिहिली. तो त्यांना वेळेचा अपव्यय वाटला नाही. पाठांतर, वेळ पाळणे, दुसऱ्याचे वाक्य संपेपर्यंत थांबणे, चार जणांना सांभाळून घेणे, हे सारे उद्या पेढीवर बसणाऱ्यालाही लागतेच.

मात्र आपण पालकांनी एक पथ्य पाळावे. मुलाच्या प्रचारासाठी पेन, चॉकलेटे वा रंगीत कार्डे पुरवू नयेत, आणि मुख्य भूमिका मिळावी म्हणून शाळेत शब्द टाकू नये. मुलगा वा मुलगी घरी आल्यावर ‘किती मते पडली?’ याबरोबर ‘हरलेल्याशी बोललास का?’ हेही विचारावे. विंगेत उभे राहण्याचे काम मिळाले असेल, तर नाटक पाहायला तितक्याच हौसेने जावे.

दिवाळीच्या सुटीत दुकानात पुड्या बांधून मी वडिलांचे खाते चुकते केले. गोळ्यांची गोष्ट त्या मित्राला मात्र मी कधीच सांगितली नाही. नंतर तो गाव सोडून गेला. ते येणे अजून माझ्या नावावर आहे.