साथीला कोण?

आमच्या चिरंजीवांनी गिटार विकत आणल्यापासून घरातली शांतता तहकूब झाली आहे. परवा मात्र त्यांच्या खोलीतून निराळेच वादन ऐकू आले. मोजके, खणखणीत सूर. मध्येच अडणारे आणि पुन्हा टुणकन उडी घेणारे. मी दारात उभा राहून विचारले,

"कोण गातो रे हा?"

"गाणारा एल्व्हिस प्रेस्ली. पण बाबा, तुम्ही ऐकताय तो जेम्स बर्टन."

"तो काय गातो?"

"तो गात नाही. साथ करतो."

वाचकहो, मी मनातून ओशाळलो. विद्यार्थिदशेत कॉलेजच्या गॅदरिंगात मी पेटीची साथ करीत असे. वृत्तांतात गायकाचे नाव येई, अध्यक्षांचे येई, हार घालणाराचेही येई. मी मात्र 'आणि इतर' यांत असे. ते शल्य इतकी वर्षे उराशी बाळगून मी आज विचारले काय, तर गातो कोण!

मग चिरंजीवांपुढे शिष्य होऊन बसलो. बर्टनचा जन्म १९३९ सालचा, अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातला. श्रीव्हपोर्ट गावी तो वाढला आणि मिसरूड फुटण्यापूर्वीच तिथल्या 'लुइझियाना हेराइड' या गाण्याच्या जलशात वाजवू लागला. १९५७ साली 'सुझी क्यू' हे गाणे गाजले. त्याचा प्राण म्हणजे गिटारीची ती आवर्तने, ती याची. वय वर्षे सतरा. गायक होता डेल हॉकिन्स. गाण्याचे कर्ते म्हणून तिघांची नावे छापली गेली. त्यांत बर्टनचे नव्हते!

हे ऐकून माझीच पेटी दुखावली. पण बर्टन रुसून बसला नाही. त्याने हात घोटला. टेलिकास्टर नावाच्या विजेच्या गिटारीला त्याने बँजोच्या बारीक तारा चढविल्या. त्या सहज खेचता येत आणि मींड हवी तशी निघे. अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत एक चपटी पट्टी, मधल्या बोटाला नखी, आणि सूर कसे, तर कोंबडीने टपाटप दाणे टिपावेत तसे. या तऱ्हेला तिकडे नावही कोंबडीवरूनच पडले आहे!

पुढे रिकी नेल्सन या तरुण गायकाच्या मागे तो वर्षानुवर्षे उभा राहिला. १९६९ साली प्रेस्लीने लास व्हेगासच्या रंगमंचावर पुनरागमन केले, तेव्हा वाद्यवृंद बर्टनने जमविला. १९७७ साली प्रेस्ली वारला, तोवर ही साथ सुटली नाही. ऐन मैफलीत प्रेस्ली त्याला नावाने हाक मारून 'वाजव' म्हणे. 'आणि इतर' म्हणून नव्हे!

त्याच सुमारास खेड्यापाड्यांतली जुनी गाणी आणि शहरी रॉक यांचा संसार मांडू पाहणारा ग्रॅम पार्सन्स अवघ्या सव्विसाव्या वर्षी, १९७३ साली, गेला. त्याच्या अखेरच्या दोन्ही तबकड्यांवर गिटार बर्टनची. पार्सन्सबरोबर गाणाऱ्या एमिलू हॅरिस यांनी पुढे स्वतःचा ताफा उभा केला, तेव्हाही आरंभी साथीला बर्टनच. मग जॉन डेन्व्हर. गायक बदलले, गाण्यांची चाल बदलली. हा प्रत्येकाला हवे तेवढेच देत राहिला. गायकाचा श्वास सरला की दोन-चार सूर पेरायचे, आणि शब्द सुरू झाला की बाजूला व्हायचे. वाजविण्याइतकीच ही थांबण्याची विद्या कठीण. मला ती साधली नव्हती, हे आता कबूल करतो. मी गायकाच्या तानेवर तान चढवीत असे.

२००१ साली रॉकच्या अमेरिकन सन्मानगृहात बर्टनला स्थान मिळाले, तेही साथीदारांसाठी राखलेल्या दालनात. त्याचा गौरव करायला उभा होता रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स.

पण मला त्याआधीचा एक प्रसंग मोठा वाटतो. १९९७ साली, प्रेस्लीच्या विसाव्या पुण्यतिथीला, मेम्फिस शहरी जलसा झाला. पडद्यावर प्रेस्लीचे जुने चित्रण, त्यातला त्याचा आवाज. आणि रंगमंचावर बर्टन व जुने सोबती प्रत्यक्ष वाजवीत आहेत! गायक जाऊन वीस वर्षे झाली. साथ शिल्लक होती.

काल मी माळ्यावरून पेटी काढली. आता साथीला आम्ही दोघे आहोत. गाणारा तेवढा अद्याप मिळालेला नाही.